काचेपलीकडचा ताल

"मी संथ पडलोय का रे?"

हा आवाज माझ्या धाकट्या मामांच्या कानातून अकरा वर्षांत गेलेला नाही. विचारणारा त्यांचा थोरला भाऊ, थ्रॅश मेटल या सुसाट वेगाच्या संगीताच्या बँडचा ड्रमर. मामा त्याच बँडमध्ये बेस गिटार वाजवायचे. तणतणत ते म्हणाले होते, "हो दादा, पडलायस. आपल्याच अल्बमला गाठता येत नाही तुला."

त्यांच्या त्या पहिल्या अल्बमने पोरांना वेड लावलं होतं. तसं वाजवायचं म्हणून कित्येकांनी मनगटं सुजवून घेतली. आणि दादा स्वतः रोज सहा-सहा तास त्याच वेगामागे ऊर फुटेस्तोवर धावायचा.

एका सकाळी ड्रमवरच कोसळला... उठलाच नाही.

पुढचं खोटं वाटेल. पण मामा पदरचं सांगणाऱ्यातले नाहीत, आणि तिथे चौघं हजर होती. उलगडा आजवर एकालाही झालेला नाही.

बँड पुन्हा उभा राहिला होता. नव्या अल्बमचा पहिला दिवस. तळघरातला स्टुडिओ, भर दुपारचे तीन.

ड्रमवर नवी मुलगी, जुना अल्बम घोटून घोटून शिकलेली. तिने पहिलं गाणं त्याच वेगात झोडपलं आणि बाहेर येऊन बसली. पहिल्या अल्बमपासूनचा गायक खूश. त्याला सगळे भोंगा म्हणायचे. माइक नसला तरी गल्ली जागी करील असा गळा. ही दादापेक्षा काकणभर सरसच, असं तो म्हणाला. मामांनी दातओठ खाल्ले.

रेकॉर्डिस्टने गाणं लावलं.

मुलीच्या ठोक्यांखाली... आणखी कुणीतरी वाजवत होतं.

तोच ताल. तीच वळणं. पण सावकाश.

रेकॉर्डिस्टने गाणंच बंद केलं.

ते दुसरे ठोके... बंद झाले नाहीत.

ते काचेपलीकडून, ड्रमच्या खोलीतून येत होते. तिथे कुणी नव्हतं. काठ्या मुलीच्या मांडीवर होत्या. आणि मोठ्या ड्रमचं कातडं... थरथरत होतं.

मामांनी तो हात ओळखला. चौथ्या ठोक्याला किंचित रेंगाळणारा. एका खोलीत वाढलेल्या भावाचा हात.

भीती नंतर वाटली, मामा सांगतात. आधी उसळला तो संताप. मेल्यावरही याला वेग का धरता येऊ नये?

तेवढ्यात त्यांचं लक्ष भोंग्याकडे गेलं. तो रिकाम्या खोलीकडे बघतच नव्हता. डोळे मिटून, घामाने निथळत, बोटांवर ठोके मोजत होता... जणू तो वेग त्याच्या ओळखीचा होता.

मामांनी त्याची कॉलर धरून भिंतीला दाबलं. "काय माहीत आहे तुला? बोल. नाहीतर इथेच गाडीन."

त्या एवढ्या मोठ्या गळ्यातून कसाबसा आवाज फुटला.

"तो पूर्वीपासून एवढ्याच वेगात वाजवायचा. आधी ड्रम रेकॉर्ड केले आणि तुम्ही दोघं घरी गेलात ना... तेव्हा मी टेपचा वेग वाढवला. बाकीचं आपण त्यावर वाजवलं. त्या वेगात दादाने ते कधी वाजवलंच नव्हतं."