अपीलकर्ती हजर

बायको गेल्याचं कळलं, त्या दिवशी कोर्टात तारीख होती. टेलर आपल्या वकिलाशेजारी व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता. दवाखान्यातून मेव्हणीचा फोन आला. "भाऊजी, ताई गेली."

अपील तिचंच होतं. नर्स होती ती. कपाटातली इंजेक्शनं चोरली म्हणून तिला कामावरून काढलं, आणि खालच्या कोर्टानं ते खरं धरलं. वरच्या कोर्टात अपील वर्षानुवर्षं लोळत पडलं. आजारपणात तिचं एकच पालुपद होतं. "अहो, चोर म्हणून मरायचं नाही मला."

टेलरनं फोन खिशात टाकला. वकिलानं त्याचा दंड धरला. "आत काही बोलू नका. तुम्ही अपील चालवत नाही, मुद्दाम लांबवता, म्हणून ते काढून टाका असा अर्ज दिलाय समोरच्यांनी. आजारी आहे, पुढच्या तारखेला स्वतः येईल, एवढंच सांगा. वारस म्हणून तुमचं नाव मागाहून लावू."

टेलर आत गेला. "साहेब, ती आजारी आहे. पुढच्या तारखेला नक्की येईल."

"हमी देताय?"

"हो, साहेब."

घरी आणल्यावर तिचा जबडा सारखा उघडा पडत होता. टेलरनं पांढऱ्या अस्तराची पट्टी कापली. उसवू नये म्हणून कडेला टीप मारली. मशीनवर निळा दोरा होता, तोच राहू दिला. हनुवटीखालून पट्टी घेऊन डोक्यावर गाठ मारली, वर आणखी एक मारली. हातच तसा होता त्याचा, ढिलं काही जमायचं नाही.

पुढच्या तारखेला तो मृत्यूचा दाखला घेऊन गेला. शिपायानं दारात उभं राहून तिच्या नावाचा पुकारा केला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा करायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"आहेत, साहेब. मागच्या बाकावर. हात वर केलाय बाईंनी."

टेलरनं वळून पाहिलं. मागचा बाक रिकामा होता.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून तिकडे बघितलं आणि मान डोलावली. "अपीलकर्ती हजर."

टेलरनं दाखला पुढे केला. "साहेब, ती वारली. तुम्हाला सांगितलं त्याच दिवशी."

कोर्टात हसू फुटलं. समोरचा वकील तर टेबलावर हात आपटून हसला. "साहेब, आता बायकोला जिवंतपणी मारून अपील लांबवायचं ठरवलंय यांनी!"

"कोर्टाची चेष्टा करू नका," न्यायाधीश म्हणाले. दाखला त्यांनी हातातही घेतला नाही.

बाहेर टेलरच्या वकिलानं त्याला कोपऱ्यात घेतलं. "वेडबिड लागलंय का तुम्हाला? माझ्यासमोर बसल्या होत्या त्या."

"मला का नाही दिसली मग?"

वकील फाईल काखेत मारून निघून गेला.

शिपाई मात्र थांबला होता. भला माणूस. "काका, बाईंना जिने चढायला लावता, पायात चप्पल तरी द्या. आणि दाढ दुखते का हो त्यांची? हनुवटीला फडकं बांधलंय. पांढरं, कडेला निळा दोरा."

टेलर जिन्यात बसला.

त्यानंतरच्या तारखेला तो सगळ्यांच्या आधी जाऊन मागच्या बाकावर बसला. शेजारी जागा ठेवली. पुकारा झाला. शेजारची फळी हळूच करकरली. औषधांचा वास आला, तिच्या पदराला यायचा तसा.

"अगं," तो म्हणाला.



न्यायाधीशांनी समोरच्यांचा अर्ज उघडला. "बाई, अपील का लांबवलं ते तुम्हीच सांगा. नाहीतर अपील काढून टाकतो. मग खालच्या कोर्टाचा निकाल कायम."

सगळे वाट बघत राहिले.

"बोला की, बाई."

समोरचा वकील म्हणाला, "चोराला काय तोंड असणार, साहेब?" लोक हसायला लागले.

"बोलायचंय त्यांना," शिपाई पुटपुटला. "जबडा हलतोय. फडकं घट्ट आहे फार."

"मग सोडा की ते," न्यायाधीश टेलरकडे बघून म्हणाले.

टेलरनं शेजारच्या रिकाम्या हवेत हात घातला.

लोक हसायचे थांबले.

बोटांना अस्तर लागलं. थंड, ओलसर. त्यानं टीप चाचपली, वर सरकत गाठीपर्यंत गेला. जन्मभर कसल्या कसल्या गाठी सोडल्या होत्या त्यानं. नख घातलं. दात लावले. डोळे मिटून पुन्हा नख घातलं. हाताखाली काहीतरी थरथरत होतं आणि मान हलवून त्याला मदत करत होतं.

नख मुळापासून उलटलं.

"वेळ संपली," न्यायाधीश म्हणाले. "शेवटची संधी. पुढच्या तारखेला स्वतः बोलतील, नाहीतर अपील बाद."

टेलर रोज मशीनपाशी बसून अस्तराच्या पट्ट्यांना तशा गाठी मारतो आणि सोडून बघतो. त्या सगळ्या सुटतात.

तिची सोडायची राहिली आहे.