खालचा हात

सोमवारी सकाळी टाकेबाईंनी लाकडी चौकट खिडकीशी ओढली, तिच्यावर नातीची गोधडी ताणून बसवली आणि स्वतःलाच बजावलं, आता रविवारपर्यंत दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. हे बजावणं चहा उकळेपर्यंतही टिकलं नाही. आधी त्यांनी मशीनवर उशीचा अभ्रा शिवला, मग पडद्याची उसवलेली कड दुमडली, मग बटणांचा डबा पालथा घालून रंगांप्रमाणे बटणं लावत बसल्या. एखादं काम टाळायचं असलं की त्यांना दुसरी गोड कामं अशी भराभर सुचत. गल्लीने टाकेबाई हे नाव कौतुकाने ठेवलं होतं खरं, पण आज त्या टाक्यांपासून पळत होत्या.

कारणही तसंच होतं. गेल्या हिवाळ्यात त्यांना झटका येऊन गेला. सौम्यच होता, पण जाताना डाव्या पंजातली सगळी जाणीव घेऊन गेला. बोटं हलत, कप धरत, पण कप गरम की गार हे काही त्यांना कळत नसे. एकदा शेगडीवर हात भाजला, तेही वास आल्यावर कळलं. तेव्हापासून मुलगी हट्टाला पेटली होती. घर भाड्याने देऊ, तू आमच्याकडे चल. टाकेबाईंचा उभा जन्म या घरात गेला होता. ही खिडकी, हा उजेड सोडून जायला त्या मुळीच तयार नव्हत्या. शेवटी पैज त्यांनीच लावली. रविवारी या, तोवर बाळाची गोधडी हातशिलाईने पुरी केलेली असेल. नसेल, तर मी बॅग भरून तयार असेन.

मुलीने लगेच होकार दिला, कारण हातशिलाई काय असते ते तिला ठाऊक होतं. ताणलेल्या कापडावर उजवा हात सुई सरळ खाली सोडतो. चौकटीखालचा डावा हात ती पकडतो, बोटाने जागा चाचपतो आणि तिथूनच पुन्हा वर पाठवतो. कौतुक वरच्या हाताचं होतं, पण टाका सरळ येतो तो खालच्या बोटामुळे. आणि टाकेबाईंचं खालचं बोट मुकं झालं होतं.

दुपारी सगळ्या पळवाटा संपल्यावर त्या बसल्या. अंधारून येईपर्यंत जेमतेम एक ओळ झाली. उलटून पाहिली तर अस्तरावरचे टाके झिंगल्यासारखे वाटेल तिकडे चालले होते. टाकेबाईंना रडूच कोसळलं. डोळे पुसून त्यांनी ती ओळ उसवून टाकली.

मंगळवारी मात्र काम जमलं. सुई खाली सोडावी, क्षणभर थांबावं, की ती वर येई. जिथे यायला हवी बरोब्बर तिथे. ओळ संपली, दुसरी धरली, तीही संपली. "आला बाई हात वठणीवर!" टाकेबाई मोठ्याने म्हणाल्या आणि त्या शहाण्या हाताला एकदा डोळे भरून बघावं म्हणून तो वर काढायला गेल्या. तो चौकटीखाली नव्हताच. त्यांच्या मांडीवर पालथा पडला होता. केव्हापासून, कोण जाणे. सुई मात्र कापडातून अर्धी वर येऊन थांबली होती.

त्यांनी वाकून पाहिलं. खाली फरशी, सपाता, दोऱ्याचे चार तुकडे. डॉक्टर म्हणाले होते, असा हात कुठे आहे याचा मेंदूला पत्ता लागत नाही. तेव्हा हात आपला आपण खाली गेला असणार आणि काम करून परत आला असणार. त्यांना हे पटलं म्हणण्यापेक्षा त्यांनी पटवून घेतलं.

बुधवारी शेजारची लायब्ररीबाई आली. ती लायब्ररीत कामाला होती आणि टाकेबाईंना वाचायला पुस्तकं आणून देई. त्या बदल्यात टाकेबाईंनी तिला जाड कापडाची पिशवी शिवून ठेवली होती. पिशवी दोन्ही बाजूंनी बघून झाली, चहा झाला, गल्लीतल्या सगळ्यांची यथेच्छ धुलाई झाली. बोलता बोलता टाकेबाईंची सुई चाललीच होती.

"काय झपाटा आहे हो! परवा तर तुमचं रडणं खिडकीतून ऐकू येत होतं."

"सुटला एकदाचा हात."

लायब्ररीबाईचा चमचा निसटून चौकटीखाली गेला. ती उचलायला वाकली. चमचा उचलायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ ती वाकून राहिली. मग सरळ झाली, चमचा न घेताच, आणि उरलेला चहा तसाच ठेवून उठली.

"टाकेबाई, मदतीला कोणी ठेवलंय का?"

"छे, कोणाला ठेवणार? का हो?"

"नाही, आपलं विचारलं."

दारात ती घुटमळली. नवी पिशवी तिने पोटाशी धरली होती. "तुमच्या डाव्या हातात बिस्किट होतं," ती हळूच म्हणाली आणि जिना उतरून गेली. टाकेबाईंनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. बिस्किट अजून तिथेच होतं, मूठ आवळून चुरा झालेलं.

गुरुवारी त्यांनी काय तो सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. डावा हात उचलून गोधडीवर, डोळ्यांसमोर ठेवला. उजव्या हाताने सुई खाली सोडली. दोरा सुळकन खाली गेला, ताणला गेला. त्या थांबल्या. मग कापडाला खालून बारीक टेकू आला, त्यातून टोक निघालं आणि सुई वर आली. त्या झटकन मागे सरकल्या. चौकट अशीच्या अशी जिन्यावर नेऊन ठेवावी असं मनात आलं. पण मग रविवारी बॅग भरावी लागली असती. भीती वाटत होती, फार वाटत होती. घर सुटण्याची भीती तिच्याहून मोठी होती. त्यांनी सुई पुन्हा खाली सोडली.

शुक्रवारी त्या घराबाहेरच पळाल्या. सुई गोधडीच्या कडेला टोचून ठेवली आणि बटणांच्या दुकानात गेल्या. नको असलेली बटणं घेतली, दुकानदारबाईशी दोऱ्यांच्या रंगावरून हुज्जत घातली, मग बागेत बाकावर ऊन खात बसल्या. एका अनोळखी कुत्र्याने त्यांच्या पायावर डोकं ठेवून डुलकी काढली. मन इतकं हलकं झालं की चौकटीतलं सगळं आपल्याच डोक्यातलं खूळ वाटू लागलं.

घरी आल्या. सुई कडेला नव्हती. गोधडीच्या मधोमध, अपुऱ्या राहिलेल्या ओळीच्या टोकाला, अर्धी वर आलेली होती.

खाली वाकून बघणं त्यांनी सोडून दिलं होतं.

शनिवारी शेवटचा चौकोन उरला. सुई आता त्यांच्यासाठी थांबत नव्हती. बोट पोचायच्या आधी ती वर आलेली असे. टाकेबाईंना धाप लागली. त्या सुई सोडत होत्या की कोणी ती खाली ओढून घेत होतं, हेही कळेनासं झालं.

शेवटचा टाका आला.

"झालं," त्या म्हणाल्या. "बास आता."

गाठ मारायला त्यांनी दोरा ओढला. दोरा येईना.

पुन्हा ओढला. खालून कोणीतरी धरला होता. बाळ आपलं बोट धरतं तसा, घट्ट पण न दुखवता.

त्यांनी कात्री घेतली आणि कापडाला लावून दोरा कापला. दोऱ्याचं टोक क्षणभर वर दिसलं. मग सावकाश, आपलं आपण, गोधडीत उतरून गेलं.

रविवारी मुलगी आली, जावई आले, कडेवर नात. मुलीने आधी गोधडी उलटीच केली, आईचीच शिकवण. अस्तरावरून तिने बोट फिरवलं, पुन्हा पुन्हा फिरवलं.

"आई, मागची बाजू पुढच्यापेक्षा सुंदर आहे गं. खरं सांग, कोणी मदत केली?"

खरं त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं. पण ते सांगितलं असतं तर आजच घराला कुलूप लागलं असतं, आणि आईचं डोकंही गेलं म्हणून मुलगी रडली असती.

"कोण करणार? मीच."

"हरले बाई मी," म्हणत मुलीने त्यांना मिठी मारली. "राहा तुझ्या घरात, तुझं राज्य आहे."

गोधडीची घडी टाकेबाईंनी स्वतः घातली, स्वतःच गाडीत नेऊन ठेवली. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा त्यांना काय वाटलं असेल? पीडा टळली, असंच वाटलं. ते नाकारण्यात अर्थ नाही.

वर येऊन त्यांनी चौकटीवर जुनी चादर ताणली. सुई खाली सोडली आणि हात मागे घेतला. सुई फरशीवर पडली, स्पष्ट ऐकू येईल अशी. त्यांनी दुसरी सोडली. तीही पडली. कितीतरी दिवसांनी त्या पोटभर हसल्या, लायब्ररीबाईला उद्या जेवायलाच बोलवायचं असं ठरवलं आणि गुणगुणत चहाला आधण ठेवलं. तेवढ्यात फोन वाजला.

"आई, पोचलो गं. तू गोधडीला काय जादू केलीस? आल्यापासून रडली नाहीय. पाळण्यात मजेत खेळतेय."

"कशाशी?"

"गोधडीशीच. बोटाने दाबते, थांबते आणि मग खिदळते. पुन्हा दाबते, पुन्हा थांबते. कोणाशी लपाछपी चाललीय कुणास ठाऊक! थांब, ऐकवते तुला."

"ती काढ तिच्या अंगावरून," टाकेबाई म्हणाल्या. पण फोन तोवर पाळण्याशी गेला होता.

शांतता. मग बाळाचं खिदळणं. पुन्हा शांतता, पुन्हा खिदळणं. मधल्या शांततेची लांबी टाकेबाईंना नेमकी ठाऊक होती. सुई खालून वर यायला लागे, तेवढीच.