पडद्यामागच्या बायका

"भूत म्हणं! अख्ख्या पिच्चरभर नुसती पाठ. त्वांडच न्हाय दावलं की भवानीनं!"

गणपतराव चहात बेकरीचं बटर बुडवत कुरकुरले. चुलीपुढं भाकरी थापणाऱ्या बनाबाईचा हात परातीत थांबला.

"शेवटाला तरी फिरली आसंल?"

"कुठली फिरतीय! पाठमोरीच जिना चढून गेली. तू काय झोपलीवतीस?"

बनाबाई झोपली नव्हती. गणपतीच्या दिवसांत तालमीची पोरं मंगळवार पेठेत रस्त्यावर आडवा पडदा बांधायची. पुढच्या बाजूला मशीन आणि पुरुष, मागच्या बाजूला बायका. कापड पातळ, त्यामुळं मागूनही सगळं दिसायचं, फक्त उलटं. हिरो डाव्या हातानं जेवायचा, एवढाच फरक. पाठमोरं माणूस मात्र मागून बघितलं तरी पाठमोरंच राहतं. पडदा म्हणजे काही दार नव्हे, की पलीकडं गेलं आणि तोंड दिसलं.

भुताच्या पिक्चरबद्दल बनाबाईची मतं सगळ्या गल्लीला पाठ होती. पैंजण वाजवत फिरणारं भूत तिला कधी पटलं नाही. "मेल्यावर पायात पैंजण ऱ्हातंय व्हय? सासू आदी काढून घेती," असं ती भर पिक्चरमध्ये म्हणायची आणि बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. काल जिन्यावरची ती बाई आली तेव्हा मात्र कुणी हसलं नव्हतं. बनाबाईही गप्पच होती.

कारण मागच्या बाजूला त्या बाईला तोंड होतं. आणि ते तोंड शालनचं होतं.

शालन म्हणजे समोरच्या धोंडुबाईची सून. संक्रांतीच्या सुमाराला भांडून माहेरी मुरगूडला निघून गेली, असं धोंडुबाईनं सांगितलं. गल्लीनं ते ऐकून घेतलं. तिकडं म्हातारा, डोळ्यांनी अधू बाप. चौकशीला कोण येणार? आता शालनच्या नवऱ्याचं, धोंडुबाईच्या बाळासोचं, दुसरं लग्न ठरत होतं. मुलगी होती रत्ना, बनाबाईच्या मेलेल्या बहिणीची पोर, बनाबाईनंच वाढवलेली. दसऱ्याला सुपारी फुटायची होती.

दिसला असेल भास, असं बनाबाईनं स्वतःला बजावलं. पण एक गोष्ट आतून टोचत होती. शालनच्या डाव्या गालावर तीळ होता. पडद्यामागं सगळं उलटं दिसतं. तीळ उजवीकडं जायला हवा होता. तो डावीकडंच होता.

नळावर तिनं हळूच विषय काढला. "खतिजा, काल ते जिन्यावरचं बघितलीस?"

खतिजानं घागरीतली नजर वर केली नाही. "तवाच माजं बारकं रडाय लागलं, मावशी. खाली बघत हुतो मी."

"आनी तू गं, अंबूबाई?"

"मी डोळंच मिटलं हुतं."

जिन्यावरचं काय, असं दोघींतल्या एकीनंही विचारलं नाही. खतिजा अर्धीच घागर कमरेवर घेऊन चालती झाली.

तेवढ्यात धोंडुबाई आली. चेहरा सुजल्यासारखा, पण आवाज नेहमीचा, खणखणीत. "बनाक्का, आज पोरं त्योच पिच्चर परत लावत्यात. रत्नाला माज्याशेजारी बसीव. गल्लीला कळू दे की, माजी सून हाय ती."

दुपारी बनाबाईनं नवऱ्यापुढं शब्द टाकला. "ही सोयरीक नगं आपल्याला."

"का?"

तिनं सांगितलं. गणपतरावांनी सुपारी कातरून तोंडात टाकली. "पिच्चरमदी बघितलं म्हणून सोयरीक मोडू? लोक त्वांडात शेन घालतील. आगं, त्वांड हुतंच कुठं तिला?"

"तुमच्या बाजूला नसंल."

"पडदा येकच हाय की."

संध्याकाळी बनाबाई मुद्दाम पुढं, पुरुषांच्या कडेला जाऊन उभी राहिली. दोनचार जणांनी वळून बघितलं, पण तिला काही म्हणायची कुणाची छाती नव्हती. मशीन खडखडत होतं. ओल्या रस्त्याचा आणि भडंगाचा वास येत होता. रत्नाला तिनं जाऊ नको म्हणून सांगितलं होतं, पण धोंडुबाई स्वतः येऊन तिला हाताला धरून घेऊन गेली होती.

जिना आला. ती बाई आली. पाठ, मोकळे केस, पांढरं लुगडं. एवढंच. गणपतराव म्हणत होते ते खरं होतं.

बनाबाईला हायसं वाटलं.

तेवढ्यात पडद्यापलीकडं सगळ्या बायकांनी एकदम श्वास आत ओढला. ओरडलं कुणीच नाही. श्वास तेवढा आत गेला आणि बाहेर आलाच नाही.

पुरुष चिरमुरे खात होते.

बनाबाई पडद्याला वळसा घालून पलीकडं गेली.

शालन जिन्यावर उभी होती. तोंड इकडं करून. ती ना जिना चढत होती ना उतरत होती. मशीनची रीळं पुढं सरकत होती, मागचा दिवाणखाना बदलत होता, हिरो पळत होता. ती तिथंच होती.

ओठ हलत होते. आवाज नव्हता.

खतिजा मान खाली घालून बसली होती. अंबूबाईनं डोळे घट्ट मिटले होते. बायका बसल्या जागी सरकत सरकत लांब गेल्या होत्या, आणि मधल्या मोकळ्या जागेत दोघीच उरल्या होत्या. धोंडुबाई आणि रत्ना.

शालन धोंडुबाईकडं बघत नव्हती. रत्नाकडं बघत होती.

रत्ना उठू बघत होती. तिचं मनगट धोंडुबाईच्या मुठीत होतं.

"ऊठ रत्ने," बनाबाई म्हणाली. "घरला चल."

"बसू दे की तिला."

"सोड धोंडुबाई. सोयरीक मोडली. पोरीला सोड."

"का म्हणून? ती समोर दिसतीय म्हणून?" धोंडुबाईनं पडद्याकडं बघितलंसुद्धा नाही. "काल तुमी समद्यांनी बघितलासा. आनी सकाळी येकीच्याबी त्वांडातनं शबूद न्हाय."

बनाबाईनं रत्नाचा दुसरा हात धरून ओढला. मूठ सुटली. रत्ना मावशीच्या अंगावर येऊन आदळली.

मोकळ्या झालेल्या हाताकडं धोंडुबाई बघत राहिली. मग रोजचं गाऱ्हाणं सांगावं तशा थकलेल्या, चिडक्या आवाजात म्हणाली,

"मुरगूडला कुठली जातीय ती? मेली तरी घरातच हाय की. रोज हाय."