मेलेली लाइन

मिस्तरीला पाणी प्यायची भीती वाटायची. आता प्लंबरच पाण्याला घाबरतो म्हटल्यावर लोक हसणारच, आणि हसायचेही. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. गार पाण्याचा एक घोट, घाईने गिळलेला भाताचा घास, कधी तर नुसती थुंकी, एवढ्यानेही छातीच्या मधोमध ओलं फडकं पिळावं तसा पीळ बसायचा. कळ पाठीत जायची, जबड्यात चढायची. घास अर्ध्यावरच ठाण मांडून बसायचा.

पहिल्यांदा झालं तेव्हा बायकोने त्याला गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं होतं. दोघांनाही वाटलं, हृदयच गेलं. हृदय ठणठणीत निघालं. पोटाच्या डॉक्टरांनी नाकातून नळी घालून तपासलं आणि सांगितलं, "अन्ननलिकेला पेटके येतात. जिवाला धोका नाही. पण कायमचं बरं होईल असं वचन देत नाही."

म्हणजे मरणारही नाही आणि सुखाने जेवणारही नाही, घ्या! जिभेखाली ठेवायच्या गोळ्या झाल्या, पुदिन्याचा अर्क झाला, पलंगाच्या पायांखाली विटा लावून झाल्या. कोमट पाणी तर इतकं ढोसलं की बायको म्हणाली, "अहो, तुमच्यासाठी घरात बॉयलरच बसवू या." हसत म्हणाली खरी, पण ताटावर त्याचा हात थांबला की तिचाही थांबायचा. त्याच्या दुखण्यापायी तीही धड जेवेना, हे त्याला कळेपेक्षा जास्त लागायचं.

म्हणून दुपारचा डबा तो एकटाच खायचा, ऑफिसांच्या जुन्या इमारतीच्या तळघरात, पंपांच्या खोलीत. तिथे कुणी तोंडाकडे बघत बसत नाही. दोन पंप, एक मोडकी खुर्ची, ओल्या सिमेंटचा वास आणि भिंतीवरून वर गेलेले पाइप. त्यातला एक जुना लोखंडी पाइप कोपऱ्यात होता. नवी लाइन टाकली तेव्हा तो तसाच सोडला होता, वरचं टोक कापून बंद केलेलं, खालच्या टोकाला बूच. अशा पाइपाला प्लंबर लोक मेलेली लाइन म्हणतात. त्यात पाणी नसतं, काहीच नसतं.

त्या दुपारी तिसऱ्याच घासाला पेटका आला. मिस्तरी भिंतीला टेकून, डोळे मिटून उभा राहिला. आणि पाइप वाजला.

नळ झटकन बंद केला की पाइप धडधडतो, ते त्याच्या ओळखीचं होतं. पण पंप बंद होते. छातीत कळ उठली की धाड. कळ ओसरली की शांत. पुन्हा उठली, पुन्हा धाड. त्याने कोपऱ्यातल्या लोखंडावर तळवा ठेवला. पाइप आखडत होता, सुटत होता, त्याच्या छातीबरोबर.

दुसरा कुणी असता तर पळाला असता. मिस्तरी पडला कामाचा माणूस. वाजणारा पाइप दिसला की त्याला पळायचं सुचत नाही, क्लॅम्प सुचतो. त्याने पाइपाभोवती रबराची पट्टी गुंडाळली, वरून लोखंडी क्लॅम्प बसवला आणि नट आवळत गेला. नटाच्या शेवटच्या फेऱ्याला पाइप गप्प झाला. छातीही गप्प झाली.

खरं तर मेलेल्या लाइनला हात लावायच्या आधी बूच उघडून आत बघायचं, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा. नवशिक्यालाही तो ठाऊक असतो. पण इतक्या वर्षांनी छाती मोकळी झालेला माणूस बूच उघडायला थांबतो होय! तो डब्यापुढे बसला आणि त्याने सगळा डबा फस्त केला. वर गार पाणी प्यायला, घटाघटा. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या.

घरी तर आनंदीआनंद. त्याने दुसऱ्यांदा भात मागितला तेव्हा बायको पदराने डोळे पुसत वाढत होती. तो सगळं खाऊ लागला, गरम, गार, घाईघाईने, गप्पा मारत.

आणि वाळू लागला.

आधी पट्ट्याला नवं भोक पाडलं. मग गालफडं बसली. जेवून उठला की लगेच भूक लागायची, पोट असं खपाटीला गेलेलं की जेवला यावर कुणाचा विश्वास बसू नये. "खाता ते जातं तरी कुठे हो?" बायको म्हणायची. आधी थट्टेने, मग काळजीने. शेवटी तिनेच त्याला पुन्हा डॉक्टरांकडे पिटाळलं.

त्यांनी एक्स-रे काढायला पाठवलं. खडू कालवल्यासारखं पांढरं औषध प्यायचं आणि ते कसं उतरतं ते पडद्यावर बघायचं. मिस्तरीने पेला तोंडाला लावला. पडद्यावर पांढरी रेघ घशातून खाली आली, छातीच्या मध्यापर्यंत आली आणि तिथे संपली.

"गिळा ना," एक्स-रेवाली बाई म्हणाली.

"गिळलं."

"सगळं?"

त्याने रिकामा पेला दाखवला. बाईने मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. पोटाच्या जागी काळोखच होता. "मशीनच बिघडलंय वाटतं," ती म्हणाली, पण म्हणताना त्याच्याकडे बघेना. "उद्या परत या."

मिस्तरी तिथून तडक तळघरात गेला. त्याने मेलेल्या लाइनीखाली बादली ठेवली, पान्हा लावला आणि बूच सोडवलं.

पांढरं पाणी आलं.

बादलीच्या तळाशी ते पसरलं, खडूसारखं, कोमट. त्यामागून काळपट लगदा घरंगळला. त्याला आंबट वास होता. मिस्तरीने क्लॅम्प काढून फेकला, रबराची पट्टी ओरबाडून काढली आणि बादली स्वच्छ धुऊन पुन्हा पाइपाखाली ठेवली. बूच उघडंच राहू दिलं. जसं होतं तसं केलं की सगळं जागेवर येईल, असं त्याने मनाशी धरलं. कळ आली तरी चालेल. कळच येऊ दे, देवा!

संध्याकाळी ताटावर बसला तेव्हा तो कळेची वाट बघत होता. एक घास. दुसरा. घास गुपचूप उतरत राहिले.

"एक सांगू?" बायको म्हणाली. तिच्या ताटात उकडलेलं बीट होतं. घरात ते तिला एकटीलाच आवडायचं, मिस्तरीने ते आयुष्यात जिभेला लावलं नव्हतं. "रागावू नका. गेले काही दिवस माझ्याही छातीत तसंच आवळत होतं. अगदी तुमच्यासारखं. तुम्ही आधीच अर्धे झालात, म्हणून बोलले नाही."

मिस्तरीचा हात थांबला. "आणि आता?"

"आता गेलं की! आज दुपारपासून एकदम मोकळं वाटतंय." ती खुशीत हसली आणि तिने बिटाची फोड तोंडात टाकली.

सकाळी ती उठायच्या आत तो घराबाहेर पडला. काय शोधायला चाललोय, हे त्याने स्वतःलाही विचारलं नाही.

तळघरात पंप चालू होते. त्याने आधी ते बंद केले. मग बादलीकडे बघितलं.

भात होता. चावलेला. त्याचाच.

भातावर लाल तुकडे होते. तेही चावलेले.

त्याने फोन काढला. दोनदा चुकीची बटणं दाबली. तिकडे घंटी वाजत राहिली. उचल गं बाई, उचल.

"हॅलो?" बायकोचा आवाज भरल्या तोंडाचा होता. "अहो, सांगून तरी जायचं! पाव भाजलाय, खाऊन गेला असतात."

"अगं, तू काही खाऊ नकोस. ऐक, आधी ते थुंक—"

"काय म्हणता? काही ऐकू येत नाहीये. थांबा हं, घास गिळते."

समोर पाइप आखडला आणि सुटला. भाजक्या पावाचा ओला गोळा बादलीत पडला.

"हं, बोला आता," ती म्हणाली.