भिंतीपलीकडच्या टाळ्या

मंजुळाला गाण्याचं तसं वेड नव्हतं. पालघरच्या टेलिफोन एक्स्चेंजात ती ट्रंक ऑपरेटर होती. दिवसभर कानाला हेडफोन आणि कानात परक्यांचे आवाज: मालासाठी ओरडणारे व्यापारी, मयताची खबर देताना अडखळणारे भाऊ, लाइन लागेपर्यंत उगाच खोकणारे म्हातारे. सुट्टीच्या दिवशी तिला कुणाचा शब्दही नको असायचा. नवरा पुंडलिक हसून सांगायचा, "माज्या बायकोचे कान सरकारी हायत. रविवारी बंद."

पुंडलिक बोईसरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. तो मुरब्याचा, ती सातपाटीची. दोघांची घरं मासेमारीची, पण दर्यावर जाणारं आता दोघांपैकी कुणीच नव्हतं. बोईसरला स्टेशनच्या पूर्वेला एक खोली, दारात तुळस, एक जुनी लॅम्ब्रेटा स्कूटर. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. त्याचं दुःख व्हायचं तेव्हा व्हायचं, एरवी दोघांचं बरं चाललं होतं. घरी तो तिला मंजे म्हणायचा, चिडला की मंजे गं.

पंच्याऐंशी सालचा पाऊस सरत आला होता, तेव्हा एका रविवारी दुपारी पुंडलिक म्हणाला, "मंजे, चल. कॉलनीत एक बँड वाजवणार हाय. अगदी वायलाच प्रकार. गाण्यात अर्थच नसतो म्हणे."

"मग येते," मंजुळा म्हणाली.

कॉलनीच्या मंडळाचा हॉल म्हणजे एक लांबोडी खोली. कॅरमबोर्ड भिंतीला टेकवून ठेवलेले, खाली सतरंज्या, तीस-चाळीस माणसं. बँडचं नाव 'खारा वारा'. चौघे जण, चौघेही कारखान्यांत कामाला. गाणारा चंद्रभान वेल्डर होता, उंच, खांद्यात वाकलेला. त्याची गिटार त्याने जुन्या पाटाच्या लाकडाची स्वतःच केली होती. दुसऱ्याकडे बुलबुलतरंग, त्याला वायर लावून रेडिओच्या खोक्यात सोडलेली. तिसऱ्याकडे मोठी गिटार, आणि चौथा रंगाची रिकामी पिंपं बडवायला बसलेला. चौघे आले, वायरी जोडल्या, आणि लोकांकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

लोक हसले. बँडवाल्यांना त्याचं काहीच नव्हतं. पिंपांवर टोला पडला आणि चंद्रभान भिंतीला गाऊन दाखवू लागला:

*भोंगा झाला, डबा उघडला,*
*डब्यामंदी भात नाय, दर्या हाय रे, दर्या हाय.*

मंजुळाला हसू आलं, मग अंगावर काटा आला, मग पाय आपोआप ताल धरू लागले. आवाज इतका मोठा की त्यात आठवड्याभराचे सगळे आवाज बुडून गेले. गाणं संपलं तेव्हा तिला आंघोळ करून उठल्यासारखं वाटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या, आणि जरा उशिराने भिंतीकडून टाळ्या आल्या.

"हॉल घुमतोय," पुंडलिक म्हणाला.

असेलही. पण मंजुळाच्या कानांनी एक गोष्ट टिपली. भिंतीकडच्या टाळ्यांत कुणीतरी दोनदा शीळ घातली होती. इकडे कुणीच शीळ घातली नव्हती.

त्यानंतर खारा वारा जिथे वाजवेल तिथे दोघं जाऊ लागली. लॅम्ब्रेटावर मागे बसून, पदर खोचून, पिशवीत चहाचा थर्मास आणि भाजलेले शेंगदाणे घेऊन. पालघरला लाकडाच्या वखारीच्या माळ्यावर कार्यक्रम झाला. चारी बाजूंना फळ्या रचलेल्या, ताज्या सागाचा वास. अशा जागी आवाज घुमत नाही, तो लाकूडच पिऊन टाकतं. हे पुंडलिकनेच सांगितलं. तरी गाणं संपल्यावर फळ्यांच्या मागून टाळ्या आल्या. इकडे वीस माणसं होती. तिकडच्या टाळ्या भरल्या मांडवाच्या होत्या.

कार्यक्रमानंतर खाली टपरीवर चंद्रभान चहा पीत होता. मंजुळाने धीर करून विचारलं, "दादा, तुमी लोकांकडं पाठ का करता?"

चंद्रभानने कप खाली ठेवला. "पाठ? नाय वैनी. आमी तर लोकांकडंच बगून वाजवतो."

तो थट्टा करत नव्हता. उलट तिनेच काहीतरी विचित्र विचारल्यासारखा तो तिच्याकडे बघत राहिला.

परतताना पुंडलिक स्कूटरवरून ओरडून म्हणाला, "मंजे, म्हंजे आपण मागच्या बाजूला बसतो तर! खरी खुर्ची तिकडं हाय!" दोघं घर येईपर्यंत हसत होती.

पुंडलिकला बंद वस्तू उघडून बघायची खोड होती. पंखा असो, घड्याळ असो. सफाळ्याला भाताच्या गिरणीच्या शेडमध्ये कार्यक्रम होता. नवा भात आला होता, हवेत कोंडा तरंगत होता आणि पत्र्याच्या फटींतून आलेल्या उन्हात तो सोन्यासारखा दिसत होता. बँडच्या समोरच्या पत्र्यात कोपऱ्याला एक ठेंगणं दार होतं. गाणं ऐन भरात असताना पुंडलिक तिच्या कानाशी वाकला. "बगून येतो," म्हणाला, आणि वाकून त्या दारातून पलीकडे गेला.

गाणं संपायच्या आत तो परत आला. केसांत कोंडा, चेहरा शांत.

"काय हाय तिकडं?"

"काय नाय. कोंड्याचा ढीग हाय. एक म्हस बांदलीय."

त्या दिवसापासून पुंडलिक फार चांगला वागू लागला. आधी वाईट वागायचा असं नाही. पण आता स्वतः ताट घ्यायचा, धुऊन ठेवायचा, तिचं बोलणं पुरं ऐकून घ्यायचा. डब्यातला लाडू घ्यायच्या आधी विचारायचा, "घेऊ?" रात्री चादर न ओढता स्वतःच्या कडेला निजायचा. शेजारणी म्हणाल्या, असा नवरा मिळायला पुण्य लागतं. मंजुळाही तेच म्हणायची. फक्त कधीतरी ती भाकरी थापताना वर बघायची, तर तो तिच्याकडे टक लावून बघत असायचा. लोकांच्या मुलाकडे बघावं तसा, मायेनं, पण हात न लावता.

आणि तो तिला मंजुळा म्हणू लागला होता.

मनोरला हायवेवरच्या एका ट्रकच्या गॅरेजात पुढचा कार्यक्रम झाला. ग्रीसचा वास, टायरांच्या चळती, ड्रायव्हर लोक उकिडवे बसून ऐकत होते. दुसरं गाणं संपलं. इकडच्या टाळ्या थांबल्या, भिंतीपलीकडच्या सुरू झाल्या, त्याही विरत गेल्या. आणि मग त्या शांततेत कुणीतरी हाक मारली.

"मंजे! ए मंजे! इकडं हाय मी!"

आवाज ओळखणं हाच तिचा धंदा होता. तो आवाज पुंडलिकचा होता. घसा ताणून ओरडताना शेवटी जरा फाटायचा, तसाच फाटलेला. पुंडलिक तिच्या शेजारी बसला होता, तोंडात शेंगदाणे, ओठ मिटलेले.

"ऐकलंत?" तिने विचारलं.

"काय?" तो म्हणाला. पण त्याचं चावणं थांबलं होतं आणि तो जमिनीकडे बघत होता.

त्यानंतर मंजुळाचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. एक्स्चेंजात चुकीच्या लाइनी जोडल्या जाऊ लागल्या. रात्री शेजारच्या माणसाचा श्वास ऐकत ती पडून राही. त्याच्यात दोष काढावा असं काहीच नव्हतं. एकदा तिने मुद्दाम विचारलं, "तुमी मला मंजे का नाय म्हणत आता?"

तो अगदी हळू म्हणाला, "बरं दिसणार नाय ते."

मार्गशीर्षात खारा वारा मासवणला गेला. गावच्या शाळेची पडवी, पुढे अंगण, मागे कापणी झालेली शेतं आणि त्यापलीकडे नदी. झिपरू, ठमी, भागी अशा हाका मारत पाड्यांवरची माणसं येऊन अंगणात बसत होती. कोवळं ऊन होतं. चौघे पडवीत चढले आणि नेहमीसारखे शाळेच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

पहिल्याच गाण्यानंतर हाक आली. या वेळी ती दमलेली होती, बराच वेळ कुणी हाका मारत असावं तशी.

"मंजे..."

मंजुळा उठली. पुंडलिकने तिचं मनगट धरलं. तिने त्याच्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मग त्याने बोटं एक एक करून सोडली.

"जा," तो म्हणाला. "तिकडं भेटली कोण तर सांग, मी बरा हाय म्हणून."

ती शाळेच्या कडेने चालत गेली. कोपऱ्यावर वळली.

मागे काही नव्हतं. भाताचे खुंट, दोन बगळे, भिंतीला टेकवलेला मोडका बाक. पलीकडून गाण्याचा आवाज दबका येत होता. तिने भिंतीला हात लावला. भिंत उन्हाने गरम होती.

ती तशीच भिंतीच्या कडेने पुढे गेली.

अर्ध्या वाटेवर तिला पलीकडून पावलं ऐकू आली. तिच्याच चालीने कुणीतरी उलट्या दिशेने जात होतं. ती थांबली, पावलं थांबली. ती निघाली, पावलं निघाली.

ती पलीकडच्या कोपऱ्यावर वळली आणि पुन्हा अंगणात आली.

तेच अंगण, तीच माणसं. चंद्रभान लोकांकडे तोंड करून गात होता. तिने त्याचा गातानाचा चेहरा कधी बघितला नव्हता. त्याचे डोळे मिटलेले होते आणि तो आनंदात होता.

पुंडलिक गर्दी तुडवत धावत आला. चारचौघांत त्याने तिला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं. आता त्याने तिचे दोन्ही हात घट्ट धरले.

"मंजे गं! किती वाट बगायला लावलीस! हाका मारून मारून घसा बसला माजा!"

तिला रडू फुटलं. मग हसू. बायका बघून तोंडाला पदर लावू लागल्या.

"आज हे वळले वाटतं," डोळे पुसत ती बँडकडे बघून म्हणाली.

"वळले कुठं? इकडं हे असेच असतात," पुंडलिक म्हणाला.

ते दिवस फार सुखाचे गेले. पुंडलिक पुन्हा न विचारता लाडू खाऊ लागला, चादर ओढू लागला, मंजे म्हणू लागला. तिला त्याचाही आनंद व्हायचा. एक्स्चेंजात शेजारच्या खुर्चीवरची उषा एकदा म्हणाली, "मंजुळा, तुझा आवाज किती गोड झालाय. आधी असा नव्हता." मंजुळा हसली. सुख आवाजात उतरतं, तिला वाटलं.

मग कळलं की खारा वारा बंद होणार. चंद्रभानला गुजरातेत काम लागलं होतं. शेवटचा कार्यक्रम तारापूरला, किल्ल्याच्या भिंतीजवळ. खारं वारं सुटलं होतं, जवळच बांबूंवर मासळी वाळत होती. बँड भिंतीला पाठ लावून, लोकांकडे तोंड करून वाजवत होता. गाणी संपली. टाळ्या झाल्या. मग भिंतीमागून टाळ्या झाल्या, थोड्याशा, वीसेक माणसांच्या.

मंजुळा भिंतीजवळ जाऊन उभी राहिली.

"चल मंजुळा," पलीकडे पुंडलिकचा आवाज म्हणाला. मऊ, अदबीचा. "गाडी काढतो."

"आले हो. थर्मास घेते," तिकडच्या बाईने उत्तर दिलं.

स्वतःचा आवाज स्वतःला ओळखू येत नाही म्हणतात. पण ऑपरेटरच्या हेडफोनात दिवसभर स्वतःचाही आवाज येत असतो. मंजुळाला तो पुरता ओळखीचा होता.

पलीकडे लॅम्ब्रेटाला किक बसली. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा सुरू झाली. आवाज लांब लांब जात राहिला. मंजुळा-पुंडलिकची लॅम्ब्रेटा इकडे सुरूच्या झाडाखालीच उभी होती.

पुंडलिक मागे येऊन उभा राहिला.

"तुला अजून ऐकू येतं तिकडचं?" त्याने विचारलं. "माजं कवाच बंद झालं." मग म्हणाला, "जायचं का परत? आज वाट हाय. उद्या नसंल."

मंजुळाने भिंतीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "त्यांचं नीट चाललंय," ती म्हणाली. "राहू दे."

दोघं चिंचणीपर्यंत समुद्राच्या कडेने गेली. तिने त्याच्या पाठीला गाल टेकवला होता. तिला कशाचीही खंत नव्हती.

शिमग्याला ती एकटीच सातपाटीला माहेरी गेली. मासवणनंतर पहिल्यांदाच. जमना, तिची आई, बंदरावरून नुकतीच आली होती, अंगाला मासळीचा वास, डोक्यावर अजून चुंबळ. तिने लेकीची अलाबला घेतली, पाट मांडला, तव्यावर तेल टाकलं. मंजुळा चुलीजवळ बसून घरच्या गोष्टी सांगत राहिली. आई ऐकत होती, मान डोलवत होती, मधेच तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. सरंग्याची तुकडी हातात घेऊन ती थांबली. पाहुण्यांशी बोलताना करायची तसा तिने आवाज मऊ केला आणि मोठ्या मायेने विचारलं,

"बाय, तू मासळी खातेस ना गं?"