जास्तीचं शिखर

"बाई, लगेच या," प्रयोगशाळेचे सर फोनवर म्हणाले. "दुपारी समिती बसतेय. मुलीला काढून टाकतील."

संस्थेत काही काळंबेरं झालं की यांनाच पिटाळायचे, म्हणून नाव पडलं चौकशीबाई. बाईंची हयात साखरेच्या रसायनात गेलेली, त्यामुळे त्यांना गुंडाळणं सोपं नव्हतं. मुलगी जिन्यातच बसली होती. प्रयोगशाळेत सगळ्यांत लहान, म्हणून धाकटी.

भानगड अशी होती. सरांनी दिलेल्या एका साखरेचे आयन, म्हणजे विद्युतभार चढवलेले रेणू, धाकटीने लेझरखाली तपासले. आलेखात ठरावीक जागी तिला एकच शिखर मिळालं. दादा म्हणजे तिथला ज्येष्ठ संशोधक, साखरेवरच्या एका लेखाने गाजलेला. त्याने तोच प्रयोग केला, तर दोन शिखरं. धाकटीने आकडे बनवले, असा बोभाटा झाला.

बाईंनी आधी दादाला गाठलं.

"नमुना बदलला असेल?"

"शक्यच नाही. बाटली तीच, यंत्रात आयनांचं वजनही तेच."

"प्रयोग कसा केलात?"

"आदल्या दिवशीच साखर पाण्यात विरघळवून ठेवली. सकाळी थेट लेझर. वेळ कशाला घालवायचा?"

बोलता बोलता त्याने स्वतःच्या चालू कामातल्या नमुन्याची कोरडी भुकटी पाण्यात टाकली, कुपी हलवली आणि जवळजवळ पळतच यंत्र गाठलं. बाई बघत राहिल्या. मग त्यांना एका जागी बसवेना. दोनदा जिना चढून उतरून त्या धाकटीपाशी थांबल्या.

"दादाचं चुकलं असेल असं नाही वाटलं तुला?"

"दादांनी केलं म्हणजे नीटच असणार. माझंच काहीतरी चुकलं असेल."

बाईंना तिचा राग आला, कीवही आली.

समितीपुढे बाई उभ्याच राहिल्या. "ही साखर पाण्यात गेली की हळूहळू रूप पालटते. अणू तेवढेच, वजन तेवढंच. फक्त एक गट उलट्या बाजूला वळतो. वजनात ते दिसत नाही, लेझरला दिसतं. ताज्या द्रावणात एक शिखर, शिळ्यात दोन. हिचं ताजं होतं, दादाचं आदल्या दिवशीचं. सर लेझरवाले, त्यांच्या हे ध्यानात आलं नाही."

"मग चूक झाली माझी," दादा म्हणाला.

"चूक असती तर स्वतःच्या कामातही केली असतीत. सकाळी कुपी घेऊन पळालात ते मी पाहिलं." बाई धाकटीकडे वळल्या. "द्रावण ताजंच वापरायचं, हे तुला कुणी शिकवलं?"

धाकटीने दादाकडे बघितलं. "दादांनी. मी इथे आल्या आल्या."

"तुमचा गाजलेला लेख याच साखरेवरचा," बाई दादाला म्हणाल्या. "जास्तीचं शिखर हाच त्याचा कणा. तेव्हा द्रावण शिळं होतं, हे तुम्हाला मागाहून कळलं. काम सुधारलंत, लेख मात्र तसाच ठेवलात. हिचं एक शिखर खरं ठरलं असतं, तर तुमचा लेख कोसळला असता."

दादाने नाकारलं नाही. "हिला शिकवलं तेव्हा वाटलं नव्हतं, सर नेमकी तीच साखर हिच्या हातात देतील," तो म्हणाला.

धाकटी इतका वेळ रडली नव्हती. आता मात्र ती रडतच बोलली.

"मला नुसतं सांगितलं असतंत, दादा, तर मी ती साखर परत केली असती."

तिने ती खरंच परत केली असती, हे त्या खोलीत दादाइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.