साठ आणि नव्वदच्या मधे

नमुना पहिला

"थांबवा! अहो, थांबवा ते!"

बांधावरून सानोबर ओरडत होती आणि ट्रॅक्टर आपला खुशाल पुढे चालला होता. आंदिजानकडचा एप्रिलचा पाऊस असाच... पडून जातो आणि मागे मातीवर पापडी सोडतो. ती वेळीच फोडली नाही, तर कपाशीची कोवळी रोपं तिच्याखाली गुदमरतात. म्हणून कोळपणीची घाई. पण आज कोळप्याचा एक फाळ दांड्यावरून घसरला होता, आणि दोन ओळींमधली माती सोडून थेट ओळच कापत निघाला होता.

ट्रॅक्टर एकदाचा थांबला. फाळांच्या मागून चालणारा माणूस खाली वाकून बघत होता. गुडघ्यापर्यंत चिखल, कोपरापर्यंत ग्रीस.

"नऊ पावलं," सानोबर मोजत मोजतच त्याच्यापर्यंत आली. "नऊ पावलं रोपं गेली. डोळे आहेत ना तुम्हाला?"

"आहेत की. दोन." त्याने कपाळावरचा चिखल पुसला, म्हणजे आणखी पसरवला. "पण मघापासून ते बांधावर होते."

बांधावर तिच्याशिवाय दुसरं कुणीच नव्हतं. हे तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला... आणि मग डोक्यावरच्या रुमालाची गाठ उगाचच सोडून पुन्हा बांधावी लागली.

"तुम्ही कोण?"

"मी? ज्याच्यामुळे हे पुन्हा होणार नाही, तो."

"आत्ता तर तुमच्यादेखत झालं!"

"म्हणून तर बोलावलंय मला."

त्याचं नाव झुफार. तातार, चिर्चिकचा, आजवरचा सगळा जन्म कारखान्यात गेलेला. तालुक्याच्या ट्रॅक्टर-वर्कशॉपने त्याला एका हंगामापुरतं बोलावलं होतं. वर्कशॉपकडे तीन तऱ्हांची कोळपी होती. जुन्या सोव्हिएत कोळप्याचा दांडा जाड, चिनीचा बारीक, तुर्कीचा चपटा. त्यात काही शेतांत दोन ओळींमधलं अंतर साठ सेंटीमीटर, तर काहींत नव्वद. फाळ मात्र तेच, या शेतातून त्या शेतात फिरणारे. लोक ते तारेने बांधायचे, लाकडाच्या ढलप्या ठोकायचे आणि अल्लाचं नाव घ्यायचे. झुफारने असा क्लॅम्प करायचा होता, जो कुठलाही दांडा पकडेल, साठवरून नव्वदवर नेता येईल, आणि नेल्याशिवाय जागचा हलणार नाही.

वर्कशॉपमध्ये आराखडे काढायचं काम सानोबरचं होतं.

एक नियम

"एक्केचाळीस."

सानोबरने मान डोलावली.

"मान नको. तोंडाने."

"अहो, ऐकलं की मी!"

"एक्केचाळीस."

"ए-क्के-चा-ळीस! झालं? बाजारातल्या कसायालासुद्धा ऐकू गेलं आता."

तो हसला आणि मगच त्याने ड्रिल सुरू केलं. एकाने माप सांगायचं, दुसऱ्याने ते मोठ्याने परत म्हणायचं. परत म्हटलं नाही तर ते पोचलंच नाही असं धरायचं आणि यंत्राला हात लावायचा नाही. चिर्चिकला त्याच्या मित्राची दोन बोटं गेली होती. मित्राने फक्त मान हलवली होती, आणि झुफारने ती "हो" म्हणून धरली होती. हे त्याने एकदाच सांगितलं. पुन्हा कधी नाही.

नमुना दुसरा

याला दात होते. दांड्याला असा चावायचा की सुटता सुटायचा नाही. साठवरून नव्वदवर न्यायला पाऊण तास, दोन माणसं आणि मामासोली आकांच्या शिव्या लागायच्या. मामासोली आका म्हणजे वर्कशॉपचे उस्ता, मुख्य कारागीर. साठी उलटलेली, सगळं मिशीतल्या मिशीत बोलायचे.

"क्लॅम्प केलायस की सासू आणलीयेस, झुफारजोन? धरलं की सोडतच नाही!"

झुफारने तो काढून फेकला आणि चहाला बसला. सानोबरने त्याची पियाली काठोकाठ भरली. त्यांच्याकडे मानाच्या माणसाला अर्धीच पियाली देतात, पुन्हा पुन्हा भरायला मिळावी म्हणून. काठोकाठ म्हणजे... या आता.

"मी जावं म्हणता?"

"कळलं की! हुशार आहात."

"मग मी पीतच नाही." त्याने पियाली दोन्ही हातांत धरली. "भरलेली पियाली टाकून जायचं कसं?"

चहा थंडगार झाला, जेवणाची सुट्टी संपली, भोंगा झाला. तो तसाच बसून होता, तिच्याकडे बघत. आणि ती आराखड्यावर एकच रेघ सहाव्यांदा पुसत होती.

तिसरा नमुना

फुटला. त्याच्याबद्दल एवढंच.

नमुना चौथा

"गाढव!" सानोबर दारातूनच ओरडली.

झुफारने मान वर केली. "सकाळी सकाळी?"

"तुम्ही नाही हो. म्हणजे... तुम्हीसुद्धा. ऐका तरी!" ती धावत आली होती, रुमाल मानेवर घसरलेला. "रस्त्यात गाढवाची गाडी होती, लसूणघास भरलेली. त्याच्या ओढायच्या दोराची गाठ बघितली मी. गाढव जितकं ओढतं ना, तितकी ती गाठ आवळत जाते. कुणी आवळावी लागत नाही. आणि आपण बसलोय बोल्ट पिळत!"

"मग?"

"मग काय? माती फाळाला मागे ओढतेच आहे. तिलाच आवळू द्या की!"

तिने त्याच्या हातातली पेन्सिल ओढून घेतली. क्लॅम्पच्या मागच्या बाजूला एक तिरकी पाचर काढली. ट्रॅक्टर पुढे चालला की पाचर आत आत जाणार. थांबवून उलटा एक हातोडा मारला की सैल. दांडा जाड असो नाहीतर चपटा, पाचर जिथे घट्ट होईल तिथे होईल.

झुफार आराखड्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग तिच्याकडे. त्या दोन्ही बघण्यांत काय फरक होता, ते तिला रात्री झोपताना कळलं.

"उतार किती?" त्याने विचारलं. आजवर मापं तो सांगायचा.

"सात अंश."

"सात अंश," तो म्हणाला. इतक्या हळू, की ते माप वाटलंच नाही.

तुतीखाली

मेच्या शेवटी तिन्ही दांड्यांवर चाचणी झाली. साठवरून नव्वदवर, चार मिनिटांत. फाळ केसभर हलला नाही, एक रोप मेलं नाही. मामासोली आकांनी टोपी उडवली, ती नेमकी ट्रॅक्टरखाली गेली. मग सगळे त्यांना नवी टोपी काय रंगाची घ्यायची यावर भांडत निघून गेले, आणि बांधावरच्या तुतीखाली हे दोघे उरले. पिकलेल्या तुती टपटप पडत होत्या. त्याच्या खांद्यावर, तिच्या ओच्यात.

"कोस्तानायहून निरोप आलाय," झुफार म्हणाला. "तिकडे गव्हाच्या पेरणीयंत्रांना असाच क्लॅम्प हवाय. शुक्रवारी निघावं लागेल. किंवा... नाही निघावं लागणार."

"किंवा?"

त्याने हातातला पाना खाली ठेवला. पुन्हा उचलला. पुन्हा ठेवला.

"शुक्रवारी माझी आई चिर्चिकहून येऊ शकते. तुमच्या घरी... पाठवू तिला?"

सानोबरने मान खाली घातली.

तिच्या घरात, तिच्या गल्लीत, मुलीला असं लग्नाचं विचारलं आणि तिला नको असलं, तर ती बोलते. शिकायचंय म्हणते, आईचं दुखणं काढते, नाहीतर सरळ उठून जाते. जिला हवं असतं ती मान खाली घालते आणि बसून राहते. तिची आई तशीच बसली होती, दोन्ही मावश्या तशाच. सानोबरही बसून राहिली. कान तापले, रुमालाचं टोक बोटाला गुंडाळून गुंडाळून बोट पांढरं पडलं. याहून मोठ्याने "हो" कसं म्हणतात ते तिला माहीत नव्हतं.

"सानोबर? ऐकू आलं ना?"

मान आणखी खाली गेली.

तो थांबला. ड्रिलपाशी थांबायचा तसाच. वाऱ्याने तुती हलली, चार फळं पडली.

"ठीक आहे," तो शेवटी म्हणाला.

ती घरी गेली ती जवळजवळ धावतच. ठीक आहे म्हणाला! ठरलं!

शुक्रवार

घरी तिने कुणाला काही सांगितलं नाही. फक्त अंगण फाटकापर्यंत झाडलं, दोनदा. आईने ते बघितलं आणि मागणी घालायला कुणी येणार हे ओळखलं. तिने तंदूर पेटवला, लोण्याच्या रोट्या लावल्या, बिहीचा मुरंबा काढला, नव्या गाद्या अंथरल्या. दुपार झाली. चहाचा समोवार तीनदा भरला. संध्याकाळी आईने रोट्यांवर फडकं घातलं आणि म्हणाली, "गाडी चुकली असेल, पोरी."

शनिवारी वर्कशॉपमध्ये मामासोली आका म्हणाले, "झुफारजोन? तो तर काल गेला, कोस्तानायला. तुला सांगितलं नाही?"

टेबलावर आराखडा होता. खाली कोपऱ्यात, रचना करणाऱ्याच्या जागी, आधी तिचं नाव. मग त्याचं.

त्याच्या आईने नकार दिला असणार. नाहीतर त्यालाच नकोसं झालं असणार. तिने सगळी कारणं शोधली, खरं तेवढं सोडून. आणि "तुम्ही का आला नाहीत" असं मुलीने विचारायचं? कुठल्या तोंडाने?

न पाठवलेले निरोप

पोचलात का?

(खोडला.)

तुर्की दांड्यावर पाचर जरा ढिली पडतेय. काय करू?

(खोटं होतं. पडत नव्हती. खोडला.)

तुमची आई आजारी होती का?

(खोडला.)

झुफार आका

(एवढंच. हा खोडायला आठवडा लागला.)

ऑक्टोबर

सप्टेंबरात नोसिरच्या घरचे आले. नोसिर शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा, हसताना चष्मा काढायचा. त्याच्या आत्या रीतीप्रमाणे तीनदा आल्या. तिसऱ्यांदा सानोबरला विचारलं, तेव्हा तिने मान खाली घातली. सगळ्यांना कळलं. म्हाताऱ्यांनी रोटी मोडली, तुकडे वाटले, म्हणजे शब्द पक्का झाला, आणि लग्न नोव्हेंबरात ठरलं.

ऑक्टोबरात पाचरीच्या ओतकामाचं काहीतरी विचारायला मामासोली आकांनी कोस्तानायला फोन लावला. सानोबर शेजारच्या टेबलावर होती.

"हो हो, सात अंशच... काय? सानोबरखोनचं लग्न आहे ना पुढल्या महिन्यात... अरे, गप्प का झालास?... नाही म्हणाली? तुला? कधी?... गप्प बसली होती?" मामासोली आकांचा आवाज एकदम उतरला. "अरे वेड्या... आमच्या पोरी गप्प बसतात म्हणजे..."

त्यांनी सानोबरकडे बघितलं. फोन कानालाच होता.

पाचव्या दिवशी झुफार वर्कशॉपच्या फाटकात उभा होता. अंगात उत्तरेकडचा जाडजूड कोट. आंदिजानला अजून ऊन होतं, आणि तो घामाने निथळत होता.

"तिकडे बर्फ पडलं?" तिने विचारलं. विचारायचं दुसरंच होतं.

"पडलं." मग तो म्हणाला, "तिकडे त्या पाचरीला सानोबर म्हणतात. मीच शिकवलं, चूक माझी. 'सानोबर आवळ रे!' 'सानोबर कुठे पाडलीस?' दिवसातून चाळीसदा ऐकतो."

ती हसली. हसता हसता तिला तोंडावर हात धरावा लागला.

"ते 'हो' होतं," ती म्हणाली. "तुतीखाली."

"मला परत विचारता आलं असतं."

"मला एक शब्द बोलता आला असता."

आतून कुणीतरी लोखंडावर घाव घालत होतं. ते थांबेपर्यंत दोघेही थांबले.

"आणि आता?"

या वेळी तिने मान खाली घातली नाही.

"आता रोटी मोडलीय... नाही, रोटीच्या आड लपत नाही मी. नोसिरने माझ्या आईला काय सांगितलं माहितीये? 'लग्नानंतर तिला वर्कशॉप सोडू देऊ नका.' मी न बोलून एकाला घालवलं. आता बोलून दुसऱ्याला घालवू? त्याने काय केलंय?"

"आणि तुमचं काय?"

"मला वाईट वाटेल," ती साधेपणाने म्हणाली. "पुष्कळ वर्षं."

त्याने कोटाचं वरचं बटण लावलं. त्या उन्हात.

अड्डा

ताश्कंदच्या गाड्या चार उतारू भरल्याशिवाय हलत नाहीत. झुफार पुढे बसला होता, मागे दोन बायका. ड्रायव्हर अर्ध्या तासापासून ओरडत होता, "ताश्कंद! एकच जण! एकच!" आणि अर्ध्या तासापासून सानोबर खिडकीपाशी उभी होती. बोलायचं संपलं होतं, गाडी निघत नव्हती.

"ओपा," ड्रायव्हर शेवटी वैतागून तिला म्हणाला, "तुम्ही बसताय का? बसा बघू. बसलात की निघालोच आपण."

मागचं दार उघडं होतं. झुफार समोरच्या काचेतून बघत होता, पण काचेच्या पलीकडे बघायला काहीच नव्हतं, एक भिंत आणि भिंतीवर झोपलेलं मांजर. त्याने वळून बघितलं नाही. तिला ओढून घेईल असं त्याने काहीच केलं नाही, आणि त्याबद्दल तिला त्याचा भयंकर राग आला. तिच्या अंगावर कामाचा झगा होता, खिशात मोजपट्टी. ताश्कंद पाच तासांवर. हात धरून कुणी अडवणार नव्हतं... हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं, आणि पुढे आयुष्यभर तिला आठवायचं ते हेच.

"ताश्कंद ना? ताश्कंद?" एक म्हातारा दोन्ही काखांत दोन खरबुजं घेऊन धापा टाकत आला. "जागा आहे का?"

ड्रायव्हरने सानोबरकडे बघितलं.

ती एक पाऊल बाजूला झाली. म्हाताऱ्याच्या काखेतलं एक खरबूज तिने दोन्ही हातांनी घेतलं, म्हणजे त्याला वाकून आत शिरता येईल.

"आहे," ती म्हणाली. "बसा तुम्ही."